काजळी आणि विहीणबाई

॥ काळभैरवनाथाची कृपा ॥
सोनारी, ता. परंडा
११ मार्च २०२५

विहीणबाई सारजाबाई यांना धुरपदाबाईचा नमस्कार.

पोरांच्या लग्नात तुमच्या आमटीवरनं आपलं जे झालं, त्यावर मी तुमच्याशी तोंडानं बोलणार न्हाय अशी आण म्या भैरवनाथापुढं घेतली. तुमी तिकडं येडाईपुढं घेतली असं ऐकून हाय. दोघींनी ती पाळली. पण लिहायचं न्हाय असं कुणी म्हणलं नव्हतं, म्हणून लिहिते.

काल दुपारी आमच्या सैपाकघरात जरा जाळ झाला. जरा म्हणजे मांडणी, खिडकीचा पडदा, वरचं लाकडी कपाट आणि छताचा थोडा रंग. हर्षाली नातीला घेऊन परंड्याला डोस द्यायला गेली होती, रणधीर शेतात होता. शेजारच्यांनी भिजवलेली पोती टाकून विझवलं. माणसाला काही झालं न्हाय.

कारण वायरिंग. दिवाळीच्या टायमाला शिवप्पा वायरमननं नवी करून दिली, तवाच मला ती पसंत नव्हती.

घरात अजून वास हाय आणि नात शिंकायलीय. सबब तुमची लेक आणि आमची नात चार दिवस तुमच्याकडं धाडते. नातीला खानावळीचं तिखट घालू नका. मी तोवर चुना मारून घर पयल्यासारखं करते. यात्रेला पाव्हणे यायच्या आत सगळं पांढरंशुभ्र दिसलं पायजे.

पाकीट रणधीरच्याच हाती देते. खळ लावून चिकटवलंय. पोरगा माझा असला तरी जावई तुमचा हाय, भरवसा नको.

धुरपदाबाई


येरमाळा, ता. कळंब
१३ मार्च २०२५

विहीणबाई, नमस्कार.

लेक पोचली, नात पोचली, टोमणा बी पोचला.

जरा जाळ झाला लिहिलंत. राजनंदिनीचं नाक पुसलं तर रुमाल तव्याच्या बुडासारखा झाला. दवाखान्यात नेऊन आणली. छाती साफ हाय, पण घरातनं धूर आणि काजळी पुरती गेल्याबिगर पोरीला तिथं न्यायचं न्हाय, असं डॉक्टर म्हणाले. तवा चार दिवसांचं विसरा.

आता मुद्द्याचं. चुना मारू नका. आमच्या खानावळीला आग लागली तवा मी बी तुमच्यासारखीच हुशार होते. पदर खोचला, केरसुणी घेतली आणि सगळं झाडून काढलं. काजळी खाली बसायच्या ऐवजी माझ्या छातीत जाऊन बसली. किती तरी दिवस काळं थुंकत होते. तवापासून शहाणी झाले, ते शहाणपण तुमाला फुकट देते.

पयलं, मेन बंद ठेवा. वायरमननं तपासल्याबिगर एक बटन दाबायचं न्हाय. गॅसची नळी आणि रेग्युलेटर नवं घ्या, सिलिंडर एजन्सीवाल्याला दाखवा. दारं-खिडक्या सताड उघडा. नाकाला पदर चालत न्हाय, करोनात डॉक्टर लोक लावायचे तसले जाड मास्क मेडिकलात मिळतात, ते आणा. रबरी हातमोजे घाला. अंगात पूर्ण बाह्यांचं काहीतरी पायजे, रणधीररावांचा जुना शर्ट घाला. लाजू नका, तुमाला बघायला कोण बसलंय?

आणि एक विचारते. पत्रात हर्षाली कुठं होती लिहिलंत, जावई कुठं होते लिहिलंत. तुमी काय करत होतात, तेवढं लिहायचं राहिलं.

सारजाबाई


सोनारी
१६ मार्च २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

मी जप करत होते.

तुमचं शहाणपण पोचलं. पण ते पोचायच्या आधीच म्या केरसुणी मारली होती. काजळी सैपाकघरातनं उठली आणि माजघरात, देवघरात, माझ्या पांघरुणावर जाऊन बसली. भैरवनाथाची तसबीर मूळचीच काळी, त्यात अजून काळी झाली. मग म्या चुना मारला. सकाळी बघते तर भिंतीवर पिवळे डाग वर आलेले, जणू कुणी हळद शिंपडली. वास होता तसाच.

आमच्या गल्लीत एका बाईच्या घरी बी असंच झालंय. ती बिचारी विचारत होती. तिची शेगडीवरची भिंत छतापर्यंत काळी झालीय. ओल्या फडक्यानं पुसली की काळं नुसतं सरकतं, निघत न्हाय, बोटाला चिकटतं, आणि जळक्या तेलाचा वास येतो. समोरची बटनाच्या बोर्डाची भिंत तेवढी साफ राहिलीय. तिला काय सांगावं? मी माझ्यासाठी विचारत न्हाय.

इकडं रणधीर शिवप्पावर लई चिडलाय. ग्रामपंचायतीपुढं उभा करतो म्हणतो. गावात कुणाला त्याचं काम घेऊ देणार न्हाय म्हणतो. मी म्हणलं, जाऊ दे रे. तर म्हणाला, "आई, तुझा जीव गेला असता. जाऊ कसं देऊ?"

पोरगं मायेचं हाय. त्याचीच पंचाईत झालीय.

धुरपदाबाई


येरमाळा
१८ मार्च २०२५

विहीणबाई, नमस्कार.

तुमी जप करत होतात. शेगडी बी तुमच्या संगं जप करत होती का?

तुमच्या गल्लीतल्या त्या बाईला माझा निरोप सांगा. खानावळीत तेलाच्या धुराखाली माझा जन्म गेला, मला काजळी ओळखता येते. वायर पेटली असती तर बोर्डाची भिंत आधी काळी झाली असती. शेगडीवर तेल पेटलं म्हणून शेगडीची भिंत काळी. त्या बाईला डॉक्टरनं तळलेलं बंद केलंय. सून घरात न्हाय, पोरगा शेतात, अशी संधी साधून तिनं कढई ठेवली. आणि तेल तापेपर्यंत परसात गेली. हर्षाली सांगते, तुमच्या भिंतीपल्याड दुपारचं करिश्माचं आणि तिच्या सासूचं भांडण लई रंगतं. बाई परत आली तर कढईत जाळ. मग तिनं तांब्याभर पाणी ओतलं. व्हय ना? पेटत्या तेलावर पाणी! तोंड भाजलं न्हाय ही येडाईची कृपा. अशा वक्ताला गॅस बंद करायचा, वर झाकण घालायचं आणि कढई हलवायची न्हाय. झाकता येत नसेल किंवा जाळ वाढला तर सरळ बाहेर पळायचं.

बाईचं गुपित माझ्यापाशी राहील, दोन अटींवर.

एक, साफसफाई माझ्या रीतीनं. चुना खरवडून काढा, त्याच्या आधी भिंत जरा ओलसर करा म्हणजे धुरळा उडणार न्हाय. बाकीच्या खोल्यांतली काजळी कोरड्या स्पंजानं दाबून उचला, घासू नका, वरनं खाली या. स्पंज काळा झाला की दुसरा घ्या. शेगडीच्या भिंतीला कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्याचा साबण. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची, हातभर भिंत पुसायची की लगेच धुवायची. जोर काढायला म्हणून ब्लिचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एका बादलीत घालू नका. आमच्या ह्यांनी एकदा घातलं होतं. डोळे चोळत, खोकत हायवेपर्यंत पळाले. लोकांना वाटलं, मीच मारलं. खाण्याचं जे उघडं होतं, झाकण सैल होतं, ते टाकून द्या. गोळ्या-औषधं टाका. नातीची दुधाची प्लास्टिकची बाटली टाका.

दुसरी अट अवघड हाय. शिवप्पावरचं बालंट तुमी तुमच्या तोंडानं उतरवायचं. त्या माणसाचं पोट त्या पकडीवर हाय. न्हाय उतरवलं, तर जावई दर आठवड्याला माझ्याच पंगतीला बसतात, एवढं ध्यानात ठेवा.

सारजाबाई


सोनारी
२१ मार्च २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

त्या बाईनं तुमचा निरोप ऐकला. तुमच्या जिभेला हाड न्हाय, असं म्हणाली. पण बाकी सगळं केलं.

लोणच्याची बरणी, पापड, कुरडया, सातूचं पीठ, सगळं खड्डा करून पुरलं. माणूस पुरताना जेवढी रडली नसेल तेवढी ती बाई लोणचं पुरताना रडली. मास्क लावून आणि पोराचा शर्ट घालून बाहेर निघाली तर तिला कुणी ओळखलंच न्हाय. पारावर बसलेल्या बायांनी तिच्यासमोरच तिची निंदा केली. म्हणल्या, धुरपदाबाईला भज्याचा वास आला की पंढरीनाथ दिसतो. म्हणजे गल्लीत माहीत हाय. फक्त घरात माहीत न्हाय.

शिवप्पाचं तेवढं होत न्हाय. काल तो दारावरनं गेला. आदी "मावशी, बरं हाय का?" म्हणायचा. काल मान खाली घालून गेला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विहीणबाई, ह्यांच्या माघारी पोराला एकटीनं वाढवलं. खोटं बोललास तर घरात घेणार न्हाय, असं म्हणून वाढवलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

बाकी काम आवरत आलंय. वायरिंगला काही झालेलं न्हाय हे त्या बाईला पक्कं ठाऊक हाय, कारण तिनंच त्याचं नाव घेतलं होतं. म्हणून उद्या सकाळी मेन चालू करते, पंखा लावते म्हणजे भिंती सुकतील, आणि शेगडीवरच्या वायरीची पट्टी ओल्या फडक्यानं पुसून घेते. तेवढंच काळं उरलंय.

रणधीर आज तुमच्याकडं मुक्कामाला येतोय. त्याला पोटभर वाढा.

धुरपदाबाई


सोनारी
२३ मार्च २०२५

चि. हर्षाली, अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगता आलं नसतं. तुझी सासू शेजारीच बसलीय, आणि आता तिचं-माझं बोलणं चालू झालंय, म्हणजे मी एक वाक्य बोलले की ती दोन दुरुस्त्या करणार. म्हणून लिहून जावयाच्या हाती देते.

काल पहाटे तिचं पत्र वाचलं आणि जावयाला झोपेतनं उठवलं ते तू बघितलंसच. तू इतके फोन लावलेस, तिनं उचलला न्हाय. आता कळलं, काजळी लागू नये म्हणून फोन पिशवीत बांधून गोठ्यात ठेवला होता. म्हशीनं ऐकला असंल. जावयानं गाडी अशी हाणली की परंड्यापर्यंत मी डोळे उघडले न्हाईत. दारात उतरले, त्यांना म्हणलं, "तसेच जा आणि शिवप्पाला आणा, भांडू नका, फक्त आणा." आणि आत पळाले.

सैपाकघरात पंखा गरगर फिरत होता. फरशी ओली. तुझी सासू अनवाणी, लोखंडी स्टुलावर, डोळ्यांपर्यंत मास्क, गुडघ्यापर्यंत शर्ट, आणि पाणी ठिबकणारं फडकं घेऊन हात वर केलेला. पट्टी वीतभर लांब राहिली होती.

मी बोंबलले, "धुरपदाबाई, हात मागं!"

हात थांबला. ती वळली आणि मास्कच्या आतनं काय म्हणाली ठाऊक हाय? "बोललात! तुमी आदी बोललात!" भैरवनाथाची पालखी जिंकून आणल्यासारखा आवाज. म्या मेन खाली ओढला. म्हणलं, "बोलले. आता उतरा."

"उतरते. स्टूल धरा, हलतंय."

असं आमचं बोलणं चालू झालं.

शिवप्पा आला. तुझा नवरा त्याच्याकडं बघत नव्हता, तो कुणाकडंच बघत नव्हता. आमा सगळ्यांना बाहेर काढून त्यानं पट्टी उघडली. आतलं प्लास्टिक मेणबत्तीसारखं वितळलेलं, तांबं उघडं पडलेलं. त्यानं फरशी पुसून घेतली, कोरडी फळी टाकून वर उभा राहिला, क्षणभर मेन चालू करून टेस्टर लावला. दिवा लागला. तुझ्या सासूनं तो लाल दिवा दारातनं बघितला आणि आहे तिथंच उंबऱ्यावर बसली.

शिवप्पा म्हणाला, "दादा, पट्टी खालनं वितळलीय. वायरीनं आग लावली न्हाय, आगीनं वायर खाल्लीय."

"मग आग कशानं लागली?" जावयानं विचारलं.

मला दया आली. उंदरानं तेल सांडलं असं सांगायला म्या तोंड उघडलं होतं, येडाई माफ करो. तेवढ्यात तुझ्या सासूनं मास्क खाली ओढला. नाकाखाली गोरी आणि नाकावर काळी, अर्धं अर्धं तोंड.

"तेलानं," ती म्हणाली. "म्या ठेवलेल्या. भज्याच्या. मी भांडण ऐकायला गेले होते आणि वरनं पाणी बी म्याच ओतलं. शिवप्पा, तुझा काही कसूर न्हाय. म्या तुझं नाव गावात खराब केलं, ते गावातच जाऊन नीट करीन."

शिवप्पा पकड पुसत राहिला. मग म्हणाला, "मावशी, एक घाणा तरी निघाला होता का?"

"एक बी न्हाय."

"मग तर लईच नुकसान झालं."

मी हसले, तो हसला. जावई हसले न्हाईत. तसेच बाहेर गेले, लिंबाखाली उभे राहिले. तुझी सासू उंबऱ्यावर तशीच. ते तोंड बघवंना, म्हणून मी उगाच बादल्या हलवत बसले. लई वेळानं जावई आत आले. शिवप्पापुढं हात जोडले, त्यानं ते धरून खाली केले. मग खिशातनं मास्क काढून तोंडाला लावला आणि आईला म्हणाले, "दुसरा स्पंज हाय का?"

ती म्हणाली, "हाय. पण घासायचं न्हाय. दाबून उचलायचं."

माझंच शहाणपण माझ्यादेखत शिकवायली, बघ!

आता तुझं. संध्याकाळी तुझी सासू म्हणाली, त्या दिवशी बेसन कालवलेलं पातेलं ओट्यावर राहिलं होतं. धावपळीत तिच्या ध्यानात आलं तवा पातेलं धुवून पालथं घातलेलं. तिला वाटलं शेजारणीनं धुतलं. आता तिला उमगलंय, परंड्याच्या दवाखान्यातनं आल्या आल्या ते कुणी धुतलं. तू पयल्या दिवसापासून जाणून होतीस आणि सख्ख्या आईला बी बोलली न्हाईस! मला राग बी आला आणि बरं बी वाटलं. तुझी सासू उठली, धूर बसलेल्या तुझ्या साड्या काढल्या आणि एकेक साडी पुन्हा पुन्हा धुवायला बसली. मी म्हणलं, "बास, रंग जाईल." म्हणाली, "वास गेला पायजे."

शिवप्पा पाडव्याआधी वायर बदलून देतो म्हणतोय. तोवर मी हितंच. खानावळीचं तुझे वडील बघतील. त्यांना बादलीपाशी जाऊ देऊ नको.

तुझी आई


सोनारी
८ एप्रिल २०२५

विहीणबाई सारजाबाईंना नमस्कार.

फोन असताना लिहायलेय, कारण फोनवर सगळं घर ऐकतं.

हर्षाली आणि राजनंदिनी पाडव्याला आल्या. नातीनं सगळ्या खोल्या हुंगून बघितल्या आणि "आजी, वास गेला" म्हणाली, तवा माझा जीव भांड्यात पडला. नवीन वायर झाली. शिवप्पाला म्या पारावर, सगळ्यांदेखत चहा पाजला आणि काय ते सांगितलं. बायांनी पोटभर हसून घेतलं. दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी दुसरं कुणी सापडंल. रणधीरनं आग विझवायचं लाल नळकांडं आणून भिंतीला लावलंय. येता-जाता मला वापरायची रीत विचारतो. परीक्षा घेतो.

तुमी गेल्यापासून घर साफ हाय, पण एक अडचण आलीय. माळ्यावर काजळी परत आलीय. हर्षालीला दिसत न्हाय, रणधीरला बी दिसत न्हाय. त्यांची नजर कच्ची. मला दिसते. असलं काम जाणत्या माणसानं येऊन बघावं असं मला वाटतं. एका दिवसाचं न्हाय, आठ दिवस तरी जातील. यात्रा बी त्यातच येतीय. तुमाला खानावळ सोडून येता येणार न्हाय, ते मला कळतं. कळवायचं म्हणून कळवलं. आग्रह न्हाय.

धुरपदाबाई


येरमाळा
१० एप्रिल २०२५

विहीणबाई, नमस्कार.

माळ्यावर काजळी परत आली? काजळी काय येष्टीनं परत येती? तो माळा म्या माझ्या हातानं पुसलाय. कोपऱ्यात बोट फिरवून तुमाला दाखवलं होतं, तुमी वास बी घेतला होता.

पण जाणत्या माणसाला बोलावलंय, तर न येऊन कसं चालंल? काल ह्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जा बाई, न्हायतर ती पुन्हा घर पेटवंल." येडाईची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी निघते. आठ दिवसांच्या साड्या बांधल्यात.

एकच काळजी हाय. माझ्या लेकीला आणि जावयाला मी माळा साफ करायला येतेय असं सांगितलंय. मी शिडी लावून वर चढले आणि माळा चकचकीत निघाला, तर दोघी खोट्या पडू. म्हणून मी यायच्या आदल्या दिवशी तव्याच्या बुडाची थोडी काजळी तिथं लावून ठेवा. मास्क घालून लावा.

सारजाबाई